मनगटावरचा शिक्का

"शिक्का कुठाय?"

फाटकावरच्या शिपायाने विचारलं आणि प्रेरणाने आपलं मनगट पाहिलं. मनगट स्वच्छ होतं. नुसतं ओलं.

वर्ग संपला की मास्तरीणबाईंचे हात आपोआप नळाखाली जातात, खडू धुवायला. सवयच ती. आज त्या सवयीने खडूबरोबर आणखीही काही धुऊन टाकलं होतं. वर्ध्याच्या जेलमध्ये आत शिरताना प्रत्येकाच्या मनगटावर जांभळा शिक्का मारतात. बाहेर पडताना तो दाखवायचा. ज्याच्या हातावर शिक्का नाही तो पाहुणा नाही, तो तिथलाच.

"होता हो... आत्ताच होता," ती म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात."

"अहो, सकाळी तुम्हीच तर मारला!"

"मारला असन. लय हात येतात मॅडम माह्या हाताखालून."

"मी शिक्षिका आहे."

"आतमधी दोन मास्तर हायेत. एक तर मुख्याध्यापक हाय."

तो हसला नाही. पण मिशीखाली काहीतरी हललं. तिने ते पाहिलं, आणि आपण पाहिलं हे त्याला कळू नये म्हणून तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"मग आता काय? मला इथंच ठेवणार?"

"जेलरसायेब राऊंडले गेले हायेत. येतील, ओळखतील, मग जा. तवरोक बसा." त्याने बाक दाखवला. जरा थांबून विचारलं, "तुम्ही त्यायले आधी बाराखडी शिकवता, का शब्द?"

प्रेरणाने मान वर केली. हा प्रश्न शिपायाचा नव्हता.

"शब्द," ती म्हणाली. "ज्याचं त्याचं नाव आधी. मग त्या नावातली अक्षरं."

"मलेबी तसंच वाटते. मोठ्या माणसाले 'क' कमळातला सांगितला का तो लाजते. त्याच्या बायकोच्या नावातला सांगितला का शिकते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"डी.एड. हाय न मी." त्याने खांद्यावरची पट्टी सरळ केली. "पात्रता परीक्षा पास. मग भरतीची वाट पाह्यली... पाह्यली... अन् इकडची भरती आधी निघाली."

त्याच्या छातीवरच्या पाटीवर लिहिलं होतं, अ. प्रे. ताकसांडे. 'अ' म्हणजे अश्वजित, हे तिला जेलरसाहेबांनी त्याला हाक मारली तेव्हा कळलं. "अरे अश्वजित, ह्या तर आपल्या थूल मॅडम! शनिवारच्या वर्गाच्या. सोड त्यांना."

तोवर आंजीची बस गेली होती. फाटकाची खिडकी उघडता उघडता तो हळूच म्हणाला, "पुढच्या शनिवारी हात नका धुऊ."

"आणि खडू?"

"राहू द्या. शोभते."

दुसऱ्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. सेलूच्या बाजूने कापसाच्या गाड्या येत होत्या आणि वाऱ्यावर कापसाचे पुंजके उडत होते. एक तिच्या केसांत अडकला. तो काढायला तिने हात वर केला आणि उगीचच मनगट पाहिलं.

*

प्रेरणा आंजीच्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवायची. म्हणजे शाळा होती, मुलं होती, घंटाही वेळेवर व्हायची, फक्त पगार होत नव्हता. "अनुदान आलं का पगाराची पहिली मान्यता तुमचीच, मॅडम," असं अध्यक्षसाहेब दर दिवाळीला सांगत आणि एक पाकीट देत. ते पाकीट इतकं पातळ असे की चारचौघांत फोडायची लाज वाटावी. गावात मात्र तिला मान होता. बसमध्ये लोक उठून जागा देत. बारशाला, लग्नाला पहिली खुर्ची मॅडमची. किराणा दुकानदार "या मॅडम" म्हणे, आणि ती उधारीचं बोलली की तोच तराजू पुसायला लागे.

हा मान तिने कमावलेला नव्हता. तो वडिलांचा होता. तानबा गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. एक काळ असा होता की गुरुजींची सायकल गावात शिरली की ओट्यावरची माणसं उठून उभी राहत. ज्यांच्या वडिलांनी गुरुजींच्या वडिलांना विहिरीच्या जवळ येऊ दिलं नव्हतं, तीही उठत. ते उठणं गुरुजींनी जन्मभर जपलं. कोणी पेन्शनीबद्दल विचारलं तर ते विषय बदलत; उभं राहणाऱ्यांची नावं मात्र अजून सांगत.

अश्वजितचं सगळं उलटं. एक तारखेला खात्यात पगार पडे, पण सिंदी मेघेत खोली मिळेना. घरमालक आधी चहा पाजत, मग नोकरी विचारत, आणि मग त्यांचा भाचा अचानक राहायला येणार असे.

"जेलवाला म्हटलं का लोकायले वाटते, मी संध्याकाळी चार कैदी सोबत घेऊन येतो," तो म्हणाला.

हे बोलणं बसस्टँडच्या टपरीवर चाललं होतं. तोवर शनिवार बरेच उलटले होते. प्रेरणाने हात धुणं सोडलं होतं. ती शिक्का घेऊनच घरी जायची, रविवारी तो फिका व्हायचा, सोमवारी त्याची नुसती सावली राहायची. फळ्यावर लिहिताना पोरांना ती सावली दिसे. पहिल्या बाकावरची अपेक्षा, जिला मोठेपणी मॅडमच व्हायचं होतं, तिने पेनाने स्वतःच्या मनगटावर तसाच गोल काढून घेतला होता.

"तुम्हाला खोली मिळत नाही," प्रेरणा हसत म्हणाली, "आणि मला मिळते, तर भाडं परवडत नाही."

"मग एकच घेऊ ना."

कपबशी वाजली. कोणाची, ते दोघांनाही कळलं नाही.

"काय म्हणालात?"

"हिशेबाचं बोलून राह्यलो, मॅडम. पगार माहा, मान तुमचा. घरमालक तुमच्याकडे पाहून खोली देईन, भाडं मी देईन. मस्त चालते घर."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी फाटकावरच हाय. शनिवारी हात पुढं करालच."

प्रेरणाने बाही वर सरकवली आणि मनगट टेबलावर ठेवलं. त्याने आजूबाजूला पाहिलं, आणि एक बोट त्या जांभळ्या गोलावर हळूच टेकवलं... जणू शाई वाळली का पाहतोय.

"ओली आहे अजून," ती म्हणाली. शाई केव्हाच वाळली होती.

त्याने तिला आतल्या गोष्टी सांगितल्या. बराकीतला लहानू, पिकल्या केसांचा, तिच्या वर्गात मागे बसणारा. तो संध्याकाळी गजाआडून जुना पेपर वाचतो आणि अडला की अश्वजितला हाक मारतो. अश्वजित गजाच्या अलीकडून अक्षर फोडून सांगतो. "तेवढा येळ मी ड्यूटीवर नसतो, मॅडम," तो म्हणाला. "तेवढा येळ मी नोकरीवर असतो."

त्या वाक्यावर तिचा जीव जडला. पुढे काय काय झालं तरी ते वाक्य तिने मनातून काढलं नाही.

*

अश्वजित आंजीला आला तेव्हा तानबा गुरुजींनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, "काय करता?"

"कारागृहात शिपाई हाय, गुरुजी."

गुरुजींचा चेहरा बंद झाला. अश्वजित गेल्यावर त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं.

"त्यायनं शिका म्हटलं, पोरी. पहारा द्या नाई म्हटलं."

"तो शिकलाय, बाबा. डी.एड. आहे."

"मग शिकवत काऊन नाई?"

"कारण कोणी घेत नाही! तुमच्या वेळेला घेत होते, आता नाही घेत."

"माही पोरगी मास्तराची हाय. लोकं का म्हणतील? गुरुजीनं जावई पाह्यला तो किल्ल्या वाजवणारा?"

प्रेरणा इतकी वर्षं जे गिळत आली होती ते त्या दुपारी तोंडातून निघून गेलं.

"बाबा, मी शिकवते ते तुमच्या पेन्शनीवर. माझ्या बसचं भाडं तुम्ही देता. माझे खडूसुद्धा तुमच्या पैशाचे असतात. जो मान मला मिळतो, तो तुम्ही दर महिन्याला विकत घेता."

गुरुजी उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. एवढंसं अंगण, तरी ते बराच वेळ आत आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "त्याच्या मायले भेटून ये."

*

अश्वजितची आई शोभाबाई गिरडची. टेकडीवरच्या दर्ग्याला जाणाऱ्या वाटेवर तिचं रेवड्या-फुटाण्याचं दुकान. नवरा गेल्यापासून त्या फुटाण्यांवर तिने पोराला वाढवलं होतं, डी.एड. केलं होतं.

तिने प्रेरणाला जवळ बसवलं. हातावर रेवड्या ठेवल्या. मनगटावरचा शिक्का पाहून हसली. "हे का वं? आतापासूनच माह्या पोराच्या ताब्यात?"

प्रेरणा लाजली. किती गोड बाई, असं तिला वाटलं. मग शोभाबाईने विचारलं, "शाळेचा पगार कोण देते?"

"अजून... अनुदान आलं नाही."

"म्हणजे कोणीच नाई देत." शोभाबाईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "पोरी, मले मास्तराची माय व्हायचं होतं. डी.एड. झालं तवा म्या अख्ख्या रांगेले फुटाणे फुकट वाटले. मग हा घरी बसला. लोकं विचारत, मास्तर कुठं लागले वं? म्या दुकान झाकून घरात बसो. आता तो जेलात लागला, त लोकं नाक मुरडतात, पण माही चूल कोणाच्या तोंडाकडं पाहून नाई पेटत. मान म्या खाऊन पाह्यला, बाई. पोट नाई भरत."

"आई..." अश्वजित म्हणाला.

"तू चूप. पोरी, तू मले पसंत हाय. पण एक आइक. भरती निघाली हाय जेलाची. बायांच्या बी जागा हायेत. तुह्यं वय हाय अजून. पळशीन त लागशीन."

प्रेरणाने अश्वजितकडे पाहिलं. एवढंच पाहायचं होतं तिला, तो काय म्हणतो. त्याने 'नाही' म्हणावं. नुसती मान हलवावी. गजाआडून अक्षर फोडून सांगणारा माणूस आहे हा, त्याला कळणारच...

अश्वजित रेवडीवरचे तीळ नखाने काढत होता.

"एकदा पाहून घ्यायले का जाते?" तो म्हणाला.

टेकडी उतरताना पाऊस लागला. पौषातला, अवेळी, बारीक. त्याने आपला रुमाल तिच्या डोक्यावर धरला. तिने तो बाजूला केला.

"टपरीवर काय म्हणाला होतात? पगार तुमचा, मान माझा."

"म्हटलो होतो."

"मग?"

"खोली पाह्यली काल. म्हटलं, बायको मास्तरीण हाय. मालक लय खूश झाला. मग त्यानं विचारलं, सरकारी का? म्या नाई म्हटलं. तो म्हणे, मग पाहून सांगतो." अश्वजित थांबला. पाण्याचे थेंब त्याच्या मिशीवर अडकले होते. "मान बी आता पगार पाहूनच भेटते, प्रेरणा. गुरुजींना भेटला तो त्यायच्या काळातला. तो साठा संपला."

त्याने तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. ही हाक अशा वाक्यात यावी!

"आपल्यातलं एक तरी राहायला हवं होतं," ती म्हणाली. "फळ्यापुढे."

"हो," तो म्हणाला. "मलेबी तसंच वाटते."

तिचं लग्न तिथेच मोडलं असतं. पण त्याच महिन्यात शाळेला अनुदान मंजूर झालं. आणि जी पहिली मान्यता तिची होती, ती अध्यक्षसाहेबांच्या पुतण्याच्या बायकोला मिळाली. त्या बाई शाळेत त्याआधी एकदाच आल्या होत्या, हळदीकुंकवाला. "तुमचं नाव पुढच्या टप्प्यात टाकू," अध्यक्षसाहेब म्हणाले, आणि वर, "तुमच्यासारख्या समर्पित शिक्षिका आजकाल मिळत नाहीत."

समर्पित! प्रेरणा घरी आली. वडिलांना काहीच म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिने कॅनव्हासचे बूट घातले आणि खरांगण्याच्या रस्त्यावर पळायला गेली.

चौथ्या की पाचव्या दिवशी तिला वळणावर कोणीतरी बसलेलं दिसलं. तानबा गुरुजी होते. डोक्याला मफलर, हातात घड्याळ, आणि गळ्यात ती जुनी शिट्टी, जिच्यावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांची कवायत घेतली होती.

"हात लय हलवून राह्यली," ते म्हणाले. "कोपरातून वाक. पुन्हा."

आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

साऱ्या जन्मात त्यांनी जितकी पोरं शिकवली असतील, त्यांतली ही शेवटची. तिला त्यांनी शाळेबाहेर पळायला शिकवलं. शिकवलंही चांगलं. वाईट शिकवणं त्यांना जमतच नव्हतं. गोळाफेकीसाठी त्यांनी पाट्यावरचा वरवंटा काढला. शिट्टी वाजवून झाली की ते तोंड फिरवून मफलरने डोळे पुसत आणि म्हणत, "थंडी लय हाय बाप्पा."

प्रेरणा भरती झाली.

*

लग्न विहारात झालं. पांढऱ्या साडीत ती फार सुंदर दिसली. अश्वजितने हार घालताना तिच्या मनगटाला हळूच बोट लावलं आणि कुजबुजला, "ओली हाय का अजून?" ती हसली. प्रेम आटलं नव्हतं. कसं आटेल? पावसात भिजलेल्या, खोटं न बोललेल्या त्या माणसावर तिला आता जास्तच माया वाटत होती. फक्त त्या मायेत एक कडू बी होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

सिंदी मेघेत खोली मिळाली. दोन सरकारी पगार म्हटल्यावर घरमालकाचा भाचा यायचा राहिला.

मग शाळेचं बोलावणं आलं. प्रजासत्ताक दिनाला सत्कार. तिचा! ती शिकवत होती तोवर ज्या मंचावर तिने सतरंज्या घातल्या होत्या, त्याच मंचावर मधली खुर्ची. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. अध्यक्षसाहेब माईकवरून म्हणाले, "आमच्या शाळेने घडवलेली ही कन्या आज शासकीय सेवेत आहे. विद्यार्थ्यांनो, आदर्श घ्या!"

लोक टाळ्या वाजवत उठून उभे राहिले. पुढच्या रांगेत तानबा गुरुजी होते. ते उठले नाहीत. उठणाऱ्या माणसांच्या पाठी त्यांनी एकेक करून पाहिल्या, आणि नजर खाली घातली.

कार्यक्रम संपल्यावर अपेक्षा धावत आली. तिच्या मनगटावर पेनाचा गोल अजून होता.

"मॅडम, मलेबी जेलातच लागायचं हाय आता."

"तुला तर मॅडम व्हायचं होतं ना गं?"

"त्याचा सत्कार कुठं होते, मॅडम?"

प्रेरणाने शाल काढून पोरीच्या खांद्यावर टाकली, आणि लगेच वाटलं, हेही चुकलंच.

*

पहिली नेमणूक वर्ध्यालाच मिळाली, हे दोघांचं नशीब. दिवसाआड फाटकावर कधी तो, कधी ती. शनिवारचा वर्ग काही महिने बंद होता, मग पुन्हा सुरू झाला. काजल नावाची मुलगी यायला लागली. बसभाड्यावर येणारी, पिशवीत खडू, डोळ्यांत ती चमक. प्रेरणाने तिच्या मनगटावर जांभळा शिक्का मारला.

"वर्ग झाला की हात धुऊ नको," ती म्हणाली. "शिक्का जातो."

"बरं, मॅडम," काजल म्हणाली.



वर्ग सुरू झाला. लांबून काजलचा आवाज येत होता. ती बाराखडीपासून सुरुवात करत होती. कमळातला क. प्रेरणाला वाटलं, जावं, सांगावं... नाव आधी घे गं, ज्याचं त्याचं नाव. लहानू मागे बसून लाजत असेल. पण फाटक सोडता येत नव्हतं.

वर्ग सुटला. काजलने हात पुढे केला. खडूने पांढरा झालेला हात. त्या पांढऱ्याखाली शिक्का दिसेना, म्हणून प्रेरणाने तिचं मनगट धरलं आणि अंगठ्याने पुसलं. शिक्का होता. तिने खिडकी उघडली.

संध्याकाळी पाळी बदलायला अश्वजित आला. किल्ल्या तिच्या हातातून घेताना त्याला तिचा उजवा अंगठा दिसला. बोटंही. पांढरी.

आत नळ होता. तो म्हणणार होता, जा, हात धू, मग घरी जाजो. त्याचे ओठ तसे हललेही. मग त्याने किल्ल्या खिशात टाकल्या, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि थोडा वेळ नुसता धरून ठेवला.

घरी तिने डाव्या हाताने कुलूप उघडलं.